एकच खिडकी, रोज सकाळी

शनिवार, सकाळी साडेदहा. आमच्या घराची मागची खोली. टेबलावर संगणक, शेजारी गार झालेला चहा आणि समोर मी. घरात दुसरं कोणीही नव्हतं. (ही शेवटची बाब पुढे माझ्याच विरोधात गेली.)

फुटपाथ खोदून तसेच सोडून जाणाऱ्या ठेकेदारांवर मी एक जळजळीत लेख नुकताच हातावेगळा केला होता. बातमीदार कधी निवृत्त होत नाही, फक्त त्याचा पगार निवृत्त होतो. लेख जतन करायला बटण दाबलं आणि पडद्यावर पाटी झळकली : जागा शिल्लक नाही.

माझं डोकं फिरलं. 'जागा नाही' हे दोन शब्द ऐकण्यात माझी उभी नोकरी गेली. रात्रीचा दिवस करून आणलेल्या बातमीचं शेपूट छाटून तिथे गाद्यांची जाहिरात लावायची आणि वर निर्विकार चेहऱ्यानं म्हणायचं, 'जागा नव्हती हो.' आमच्या वृत्तसंपादकाशी या दोन शब्दांवरून मी इतक्या वेळा भांडलो, की शेवटी त्यानं माझ्या खुर्चीलाही जागा ठेवली नाही. मला जिन्याखाली बसवलं. आणि आता माझ्याच घरात, माझाच संगणक मला तेच ऐकवणार?

जागा कोण अडवून बसलंय, याची मी तातडीनं चौकशी सुरू केली.

आमच्या घरचे सगळे फोटो आणि कागदपत्रं एका कंपनीच्या 'क्लाउड'वर असतात. म्हणजे एक प्रत घरात, एक प्रत आकाशात. ही व्यवस्था लेकीनं लावून दिली होती. तेव्हा तिनं ती समजावूनही सांगितली होती आणि मी मान डोलावली होती. (पत्रकार परिषदांची सवय.) शोधता शोधता एक फोल्डर सापडलं. नावाच्या जागी नुसते आकडे. उघडून पाहतो तर काय, एका खिडकीचे फोटो! एकाच खिडकीचे. शेकड्यांनी. तीच चौकट, तीच कुंडी, पलीकडच्या गच्चीवरची तीच पाण्याची टाकी आणि बहुतेक फोटोंच्या कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा.

मी तर्क लढवला. बायकोनं पडद्याचं माप घ्यायला फोटो काढले असणार आणि बटणावरचा हात उचलायला ती विसरली असणार. आयुष्यभर दुसऱ्यांनी माझा मजकूर कापला, आज कात्री माझ्या हातात आली होती. एकच बातमी शेकडो वेळा छापून आली तर कुठला शहाणा संपादक ती ठेवील? एक फोटोसुद्धा नमुन्याला न ठेवता मी ते फोल्डर उडवलं. मग संगणकावरची केराची टोपलीही रिकामी केली. काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. ते ठेकेदारांचं काम.

लेख जतन झाला. मी विजयी मुद्रेनं गार चहा प्यायलो.

जेवण झाल्यावर लेकीचा फोन आला. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते.

"बाबा, आई कामावर गेलीय ना? मग ऐका. तिला कळू द्यायचं नाही. आजोबांच्या फोटोंचा मी एक व्हिडिओ करतेय. इथलं नेट फार हळू आहे, मला ते फोल्डर पेनड्राइव्हवर घालून पाठवता?"

"आजोबांचे फोटो? पाठवतो की. कुठले?"

"खिडकीचे."

मी पडद्यावरच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं.

"हॅलो? बाबा? आजोबा आईला रोज सकाळी पाठवायचे ते! आजी गेल्यावर ते एकटे राहायचे, फोन उचलायचे नाहीत. 'फोनवर काय बोलायचं, आहे ते आहे,' म्हणायचे. मग आईनं त्यांना अट घातली होती, बोलू नका, पण उठलात की समोरच्या खिडकीचा फोटो काढून पाठवायचा. फोटो आला की आई डबा घेऊन निघायची. नाही आला तर चप्पल घालून त्यांच्या घरी. तुम्हाला माहीत आहे ना हे?"

"म्हणजे काय! माहीत नसायला काय झालं?" मी म्हणालो. (माहीत नव्हतं.)

माझे सासरे मोजणी खात्यात होते. जमिनी मोजण्यात जन्म गेला. ते गेले त्याला अजून वर्षही झालं नाही. त्यांच्याकडे मी असंख्य वेळा गेलो, बसलो, राजकारणावर तावातावानं बोललो. पण त्या घरात माझी खुर्ची ठरलेली होती आणि तिची पाठ खिडकीकडे होती. त्यांची खिडकी मी ओळखावी कशी?

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. एक काल्पनिक प्रश्न. समजा, एखाद्यानं घरातली प्रत पुसली, तर आकाशातली राहते ना?"

"नाही. तिथलीही जाते. ते आरशासारखं आहे."

"आरशासारखं कसं? मी आरशासमोरून बाजूला झालो—"

"तर आरशातूनही जाता!"

हयातीत पहिल्यांदाच मी स्वतःच्याच उदाहरणात सापडलो होतो.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तो एखादा म्हणजे तुम्ही?"

"कंपनीची चूक आहे!" मी गरजलो. "मी माझ्या घरातलं काढलं. त्यांच्याकडचं काढायला मी सांगितलं होतं? उद्या मी घरातला रेडिओ फेकून दिला, तर काय आकाशवाणी बंद करणार?"

"आधी कंपनीच्या वेबसाइटवर जा. तिथे त्यांची वेगळी केराची टोपली असते. घरातली रिकामी केली तरी ती महिनाभर भरलेली राहते. आणि बाबा, दुसरं कशालाही हात लावू नका. प्लीज."

लेकीचा सल्ला योग्य होता. पण आधी निषेध नोंदवायचा, मग काम करायचं, हा माझा क्रम आहे. वेबसाइटवर 'मदत हवी आहे का?' असं विचारणारी एक चौकट होती. मी तिथे लिहिलं, 'माझ्या सासऱ्यांचे फोटो तुम्ही नष्ट केले आहेत. जबाबदार अधिकाऱ्याचं नाव कळवा.'

उत्तर तत्काळ आलं. 'नमस्कार! तुम्हाला फोटो नष्ट करायचे आहेत, हे समजलं. मी मदत करते.'

'नको!' मी लिहिलं. 'माणसाला बोलवा.'

'क्षमस्व. "माणूस" हा विषय माझ्या यादीत नाही. तुमच्यासाठी लोकप्रिय विषय : अधिक जागा विकत घ्या.'

मी बडे बडे लोक वठणीवर आणलेत. एका मंत्र्यानं माझ्या बातमीमुळे राजीनामा दिलाय. (प्रकृतीच्या कारणावरून. पण प्रकृती माझ्या बातमीनं बिघडली असणार, असं माझं मत आहे.) या चौकटीपुढे मात्र माझी मात्रा चालेना. हिला राग येत नाही, घाम फुटत नाही, 'छापू नका' म्हणून रात्री फोन करत नाही. भांडायचं तरी कोणाशी?

शेवटी निमूटपणे खात्यात शिरायला गेलो. पासवर्ड मी विसरलो होतो. 'हरकत नाही,' पडद्यानं दिलासा दिला, 'तुमच्या नोंदवलेल्या फोनवर एक आकडा पाठवला आहे.' नोंदवलेला फोन बायकोचा निघाला. बायको त्या वेळी तिच्या दवाखान्यात कोणाचा तरी आखडलेला खांदा सोडवत होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांचे गुडघे-खांदे ताळ्यावर आणते, फक्त माझी मान अजून तिला वाकवता आलेली नाही.

फोन केला.

"अगं, तुझ्या फोनवर आत्ता एक आकडा आला असेल. तेवढा सांग."

"आलाय. पण खाली लिहिलंय, हा आकडा कोणालाही सांगू नका."

"मी कोणालाही नाही. मी नवरा आहे."

"अहो, तुम्हीच तर लेख लिहिला होतात. 'आकडा मागणारा आवाज ओळखीचा वाटला तरी भुलू नका, नवऱ्यालासुद्धा सांगू नका.' मी कापून दवाखान्यात लावलाय."

"ते वाचकांसाठी होतं!"

"मग मी कोण? बरं, आवाजाची नक्कल करतात हल्ली. खात्री पटवा. आज सकाळी निघताना मी तुम्हाला काय काम सांगितलं होतं?"

मी आठवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. काहीतरी सांगितलं होतं खरं. दारात उभी राहून, पिशवी खांद्याला लावता लावता.

"आठवत नाही," मी म्हणालो.

"पटली. तुम्हीच आहात. भामट्यानं निदान काहीतरी ठोकून दिलं असतं." ती आकडा सांगणार तोच थांबली. "पण तुम्ही फोटोंच्या खात्यात कशाला शिरताय?"

इथे मी खुबीनं उत्तर द्यायला हवं होतं. समोरच्याकडून खरं काढून घेण्यात माझी हयात गेली, पण खोटं बोलण्याचा सराव कमी पडला. मी जागेच्या प्रश्नापासून सुरुवात केली. वृत्तसंपादकाला मध्ये आणलं, कंपनीच्या मनमानीवर आलो आणि खिडकीपर्यंत पोचेपर्यंत माझा आवाज बराच खाली गेला होता.

पलीकडून एवढंच आलं : "सगळे?"

"सगळे."

"काही करू नका. मी येते."

ती येईपर्यंत मी कंपनीविरुद्ध जाहीर पत्राचा मसुदा तयार केला. मथळा दणदणीत जमला होता. पण दुसऱ्या परिच्छेदात 'सदर छायाचित्रं अत्यंत मोलाची होती, कारण' इथवर आलो आणि गाडी अडली. कारण काय लिहायचं? एक खिडकी, एक कुंडी, एक टाकी. सासरे जिवंत असताना मी एकदा तिला विचारलं होतं, की तू सकाळी फोनकडे बघून मग चहा का टाकतेस? ती म्हणाली होती, 'असंच.' मी पुढचा प्रश्न विचारला नाही. बाहेरच्या माणसाला मी असा सोडला नसता.

ती आली. चप्पल काढली, हात धुतले, खुर्ची ओढून बसली. मला वाटलं होतं, बोलेल. मी बचावाची तयारीही केली होती.

"हे बघ, नियमानुसार कंपनीनं—"

"थोडं सरका. उजेड अडतोय."

मी सरकलो. तिनं पासवर्ड टाकला, खात्यात शिरली, कोपऱ्यातलं टोपलीचं चित्र दाबलं. काही क्षण पडद्यावर नुसतं एक वर्तुळ फिरत राहिलं. माझी पाचावर धारण बसली होती. ती मात्र मांडीवर हात ठेवून शांत होती. अंगठा तेवढा बोटांवर घासत होता.

खिडकी आली. मग आणखी एक खिडकी. मग पडदा भरून खिडक्याच खिडक्या.

"आहेत," ती म्हणाली आणि तिनं श्वास सोडला.

परत आणायला एक बटण पुरलं. मी जे पत्र लिहीत होतो, त्याचा मथळासुद्धा त्या बटणापेक्षा लांब होता.

मग तिनं एकेक फोटो उघडायला सुरुवात केली. मला जा म्हणाली नाही, म्हणून मी मागे उभा राहिलो.

"सगळे सारखेच दिसतात की," मी दबकत म्हणालो.

"दिसणारच. अप्पांनी फरशीवर खडूनं फुली मारली होती. रोज तिथंच उभे राहायचे. म्हणायचे, जागा बदलली की माप चुकतं. हा बघा, टाकीला रंग दिला तेव्हाचा. हा वाकडा आलाय ना? त्या आठवड्यात ताप होता. मी विचारलं तर म्हणाले, ठणठणीत आहे. फोटो बघून मी डॉक्टरांना घेऊनच गेले. पुढचे बघा, कडेला भिंत आलीय. टेकून काढलेत."

मी बघत राहिलो. तो माणूस एका अक्षरानं काही बोलत नव्हता आणि ही रोज सगळं वाचत होती. उजेड किती, म्हणजे उठायला उशीर झाला का. कुंडी ओली, म्हणजे खाली वाकता येतंय. अंगठा नीट दिसतोय, म्हणजे चष्मा विसरलेत. मी असल्या बारकाव्यांसाठी नव्या पोरांना झापायचो. माझ्या घरात रोज सकाळी एक चोख बातमी येत होती आणि मी शेजारी बसून पेपर वाचत होतो.

एका फोटोवर ती थबकली आणि हसू दाबू लागली. त्यात खिडकी जवळजवळ नव्हतीच. मधोमध एका माणसाचं डोकं आणि हवेत उगारलेला हात.

"हा कोण?"

"ओळखा. आपण तिथे राहायला गेलो होतो तेव्हा. मी शेजारच्या खोलीत, तरी त्यांनी ठरल्या वेळी पाठवला."

तो मी होतो. काहीतरी ठासून सांगत असणार. सासऱ्यांनी मला बाजूला व्हा म्हटलं नव्हतं. फुलीवर उभं राहून त्यांनी आपलं काम केलं होतं. 

"हा मला दे," मी म्हणालो.

"तुमचा पुरावा कशाला हवाय तुम्हाला?" ती म्हणाली, पण तिनं तो फोटो वेगळा ठेवला.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण सवयीचा गुलाम मी. टोपली तपासल्याशिवाय घटनास्थळ सोडायचं नाही, हा जुना नियम. खिडक्या परत गेल्या होत्या, तरी टोपली रिकामी नव्हती. तळाशी आणखी काही पडलं होतं. मी माउस हातात घेतला.

पत्रकार संघानं दोन महिन्यांपूर्वी माझा सत्कार केला होता, त्याचे ते फोटो होते. मी शाल स्वीकारताना. मी भाषण करताना. मी भाषण करतच असताना. शिवाय संपूर्ण भाषणाचा व्हिडिओ.

"हे कोणी टाकलं इथे?" मी विचारलं.

"काय की," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, मीटिंगमध्ये आहे." शनिवारी.

खात्याचा पासवर्ड घरात तिघांना माहीत होता. त्यांपैकी मी तो विसरलेला, हे वर नोंदवलं आहेच. उरलेल्या दोघींनी अद्याप कुठलंही निवेदन दिलेलं नाही. चुकून झालं म्हणावं, तर फोटो एकदम गेलेले नाहीत, एकेक निवडून वेगवेगळ्या दिवशी काढलेले आहेत. आणि भाषणाचा व्हिडिओ टोपलीत दोनदा आहे : एकदा काढलेला आणि तो दिसेना म्हणून मी पुन्हा चढवल्यावर, दुसऱ्याच दिवशी, पुन्हा काढलेला.