खिळ्यावरचा हिंदुस्थान

"लिही," हैबतराव म्हणाले. "हैबतराव, गुप्तहेर. पूर्वेला पिरंगुट, पश्चिमेला ताम्हिणी घाट, उत्तरेला पवना, दक्षिणेला मुठा. एवढ्या मुलखात दुसरा गुप्तहेर न्हाई."

रत्नाबाईंनी ब्रश रंगात बुडवला. "आबा, पाटी दोन हात लांब आहे. मुलूख मावायचा नाही."

"मग हवामान लिही."

"कुणाचं?"

"माझं. तूच शिकवतीस न्हवं पोरांना? आधी चतुःसीमा, मग उंची, मग हवामान, मग पिकं. उंची साडेपाच फूट. हवामान सम. भाईर वादळ असू दे न्हाईतर ऊन, डोस्कं थंड."

"आणि प्रमुख पीक?"

"संशय," हैबतराव म्हणाले. "बारमाही."

चौसष्ट सालच्या जानेवारीतली ती दुपार. अंगणात लाकडी फळी आडवी टाकून बापलेक बसले होते. फळी दारावर लावायची होती. दारासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला हैबतराव जन्मापासून माहीत होते, पण त्यांच्या मते माणसं कामाच्या वेळी पाटी वाचतात, चेहरा नाही.

तरुणपणी ते पुण्यात एका वकिलाच्या घरी दार उघडायला होते. कायदा रोज त्यांच्यासमोरून आत जाई आणि बाहेर येई, तेवढ्यावर त्यांचा अभ्यास झाला. त्या जोरावर त्यांनी घोटावड्याच्या अलीकडच्या आपल्या वाडीत गुप्तहेरी सुरू केली. घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग आणि दिवसाही पेटवायची बॅटरी ही त्यांची हत्यारं, आणि शाळेत शिकवणारी विधवा लेक ही त्यांची मदतनीस. ही नेमणूक त्यांनी केली होती. तिला विचारलं नव्हतं.

पाटीच्या खालच्या भागात सुटलेली प्रकरणं लिहायची होती. कुशाबाचा हरवलेला कोयता, जो शेवटी कुशाबाच्याच कमरेला सापडला. शाळेची घंटा, जी मुळात हरवलीच नव्हती. ती लिहून झाली.

"आता नकाशाचं घाल," हैबतराव म्हणाले.

रत्नाबाईंचा ब्रश थांबला. "ते सोनीनं सोडवलं, आबा."

"सोनीनं सांगितलं. सोडवलं मी."

"अख्खी वाडी साक्षीला आहे."

"वाडीला काय कळतंय? वाडीचं न्हाई विचारत. तू लिही."

रत्नाबाईंनी ब्रश खाली ठेवला. खोटं लिहायचं नाही असं त्या पोरांना रोज सांगत. हैबतरावांनी फळीकडं बोट केलं. "बरं, ऱ्हाऊ दे. एका ओळीची जागा तेवढी सोड."

तेवढी जागा त्यांनी सोडली. संध्याकाळी हैबतरावांनी पिठलं-भात खाल्ला, पिठल्यात मीठ कमी कुणी घातलं याचा तपास केला, घरात दोनच माणसं असूनही बाहेरच्या टोळीची शक्यता बोलून दाखवली आणि झोपले. सकाळी उठले नाहीत.

नकाशाचं प्रकरण असं होतं.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. शाळेला नवा नकाशा आला होता. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या, गुजरात निराळा आणि महाराष्ट्र निराळा रंगवलेला. रत्नाबाई तेव्हा हंगामी होत्या. नकाशा त्यांच्या सहीनं आला होता आणि पुढच्या शुक्रवारी शाळा तपासणारे साहेब येणार होते. त्यांना सगळा मुलूख दिपोटी म्हणे. भूगोलाचा तास त्यांच्यासमोर घ्यायचा आणि तो त्यांच्या पसंतीस उतरला तर नोकरी कायम, असं ठरलं होतं. रोज संध्याकाळी रत्नाबाई नकाशा उलटा गुंडाळून, पांढरी पाठ बाहेर ठेवून खिळ्याला टांगत, म्हणजे धूळ हिमालयावर बसत नसे.

सोमवारी सकाळी खिळा होता, नकाशा नव्हता.

हैबतरावांनी भिंग लावून खिळा बघितला, हुंगला आणि बॅटरीच्या उजेडात पुन्हा बघितला. बाहेर लख्ख ऊन होतं.

"खिळा ठेवला, नकाशा नेला," ते म्हणाले. "म्हंजे चोराकडं सोताचा खिळा हाय."

"सगळ्यांकडंच असतो, आबा."

"म्हणून तर केस अवघड हाय."

पहिला संशय जयसिंगवर. जयसिंग पुणे-पौड एसटीचा ड्रायव्हर. हैबतरावांचा सिद्धान्त सरळ होता. नकाशा कुणाला लागतो? ज्याला रस्ता ठाऊक नाही त्याला. जयसिंगला रस्ता ठाऊक असता तर गाडी रोज उशिरा का आली असती? त्यांनी थांब्यावर गाडी अडवली.

"जयसिंग, खरं सांग. दिल्ली कोनच्या बाजूला?"

"आबा, ही गाडी पौडला जाती."

"विचारलं तेवढं सांग. गंगा लागली का कुटं वळतोस?"

"गंगा न्हाई लागत. पिरंगुटाचा चढ लागतोय. तितं तुमच्यासारखी चार माणसं उतरून ढकलतील तवा गाडी येळंवर यील. हायेत का मोकळे?"

प्रवासी हसले. हैबतरावांनी रत्नाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "गंगा लागत न्हाई म्हणाला. एवढं ठाम कसं सांगतोय? नकाशा बघितल्याबिगर?"

दुसरा संशय कुशाबावर. त्याचा आणि हैबतरावांचा शेताच्या बांधावरून वीस वर्षांचा वाद. नव्या राज्याचा नवा नकाशा आला, तर आपला बांध त्यात कुठं दाखवलाय हे बघायला कुशाबानं तो नेला असणार.

कुशाबा भाताच्या पेंढ्या रचत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "हैबतराव, त्या नकाशात पुनं केवढं हाय?"

"मसुराएवढं."

"आन मुळशी?"

"दिसत न्हाई."

"मग तुजा बांध दिसंल व्हय? आन दिसला असता, तर मी नकाशा लपीवला असता का देवळात लावला असता?"

हैबतराव तडक रत्नाबाईंकडं आले. "बिनतोड बोलतोय," ते म्हणाले. "लई तयारीचा गुन्हेगार हाय."

बुधवारी त्यांनी गुन्हेगार सोडला आणि माल धरला. घाबरलेला चोर माल पाण्यात टाकतो, हे त्यांनी वकिलाच्या दारात ऐकलं होतं. प्रश्न एवढाच, की नकाशा मुळशीच्या धरणाच्या वर टाकला की खाली.

"खाली टाकला तर मुळेतनं मुठेला, मुळामुठेतनं भीमेला, भीमेतनं कृष्णेला, आन तितनं बंगालच्या उपसागरात. वर टाकला, तर धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातनं कोकणात उतरतंय, वीज करून. मंग अरबी समुद्र. दोन समुद्रांवर दोन माणसं उभी केली की काम झालं. तू कुटल्या समुद्रावर जातीस?"

रत्नाबाई चकित झाल्या. सगळा भूगोल बरोबर होता. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या पूर्वेला का वाहतात आणि त्यांच्याच धरणाचं पाणी पश्चिमेला का जातं, हे त्या महिनाभर पोरांना समजावत होत्या. पोरांना समजलं नव्हतं. खिडकीखाली बसून विडी ओढणाऱ्या हैबतरावांना समजलं होतं.

गुरुवार उजाडला. नकाशा नाही. दुपारच्या सुट्टीत हैबतराव शाळेच्या ओसरीवर आले. भिंग काढून खिशात ठेवलं होतं, बॅटरी विझवलेली होती.

"शेवटचा सिद्धान्त," ते म्हणाले. "चोर मीच."

"तुम्ही?"

"नकाशा मी नेला. दिपोटीला उद्या तसंच सांगायचं. म्हातारा हाय, येडा हाय, उचलून नेला आन कुटं ठेवला त्याला आठवत न्हाई. सगळी वाडी व्हय म्हणंल, कुनाला नवल वाटायचं न्हाई. तुजं नाव यायचं न्हाई."

रत्नाबाई हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "हा सगळ्यात वाईट सिद्धान्त आहे, आबा," त्या म्हणाल्या आणि तोंड धुवायला रांजणाकडं वळल्या.

तेवढ्यात भिवाजीची सोनी आली. रविवारी तिचं लग्न झालं होतं, शाळेच्याच अंगणात, आणि ती लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली होती. शाळेत असताना भूगोलात कायम नापास. बाईंच्या पाया पडायला आली, तर हैबतराव पुन्हा भिंतीला नाक लावून उभे.

"आबा, काय हुडकताय?"

"हिंदुस्थान."

"त्यो माज्या लग्नात व्हता की."

हैबतराव वळले. "हिंदुस्थान लग्नाला आला व्हता? आहेर काय आनला?"

"थट्टा न्हाई वो. अंतरपाट न्हवता का? बाई, तुमी शिकीवता त्योच. मी मान खाली घातलेली, माज्या डोळ्याफुडं निस्ती लंका. मंगलाष्टकं संपस्तोवर मी लंकाच बघत व्हते. अंतरपाट काढला, मंग नवरा दिसला."

"कसा वाटला?" रत्नाबाईंनी न राहवून विचारलं.

"लंकेपरास बरा हाय."

मग सगळं उलगडलं. मुहूर्त आला तेव्हा अंतरपाट कुणीच आणला नव्हता. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे आणतील, मुलीकडच्यांना वाटलं भटजी आणतील. भटजी ओरडायला लागले तशी सोनीची मावशी, नेऱ्याची रंभाबाई, शाळेत शिरली आणि दांडीला गुंडाळलेलं पांढरं कापड घेऊन आली. भटजींनी पांढऱ्या बाजूवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ती बाजू नवऱ्याकडं आणि वऱ्हाडाकडं. रंगीत बाजू सोनीकडं, आणि सोनीच्या पाठीशी शाळेची भिंत. तिच्या मागं उभा असलेला मामा डोंगरातला, त्यानं उभ्या जन्मात नकाशा पाहिला नव्हता. त्याला वाटलं, पुण्याचा छापील अंतरपाट असेल. रत्नाबाई तेव्हा मांडवामागं भाताच्या हंड्यापाशी होत्या. लग्न लागलं, रंभाबाई नेऱ्याला गेली, आणि रीतीप्रमाणं अंतरपाट दक्षिणेबरोबर भटजींच्या गाठोड्यात गेला.

"अंतरपाट धरला व्हता कुनी?" हैबतरावांनी जरबेनं विचारलं. "दोन टोकं, दोन माणसं. ती दोन नावं सांग, चोर सापडला."

सोनी गोंधळली. "एका टोकाला त्यांच्याकडचा भिकू."

"आन दुसऱ्या?"

"तुमी की, आबा."

हैबतरावांनी आपल्या हातांकडं बघितलं. वऱ्हाडात चपलाचोर आहे का, यावर त्यांनी सगळी मंगलाष्टकं नजर ठेवली होती. त्यामुळं हातात काय आहे हे बघायला त्यांना सवड मिळाली नव्हती.

पौडला भटजींच्या अंगणात नकाशा सापडला. भारत पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर कुरडया वाळत होत्या. भटजीण म्हणाली, कापड चांगलं आहे, कुरडया चिकटत नाहीत.

शुक्रवारी साहेब आले. कुंकू झिरपून मध्य प्रदेशावर लाल डाग उमटला होता. हे काय, असं साहेबांनी विचारताच एक पोर म्हणालं, "देशाचा मध्य." साहेबांनी बाईंच्या कल्पकतेची नोंद केली. रत्नाबाई कायम झाल्या.

आणि वाडीला तीन वर्षं पुरेल एवढं हसू मिळालं. हातात हिंदुस्थान आणि हुडकतोय बांधाबांधानं, असं कुशाबा ज्याला त्याला सांगे. हैबतराव म्हणत, केस मीच सोडवली. कशी, ते सांगत नसत. रत्नाबाई मान खाली घालून वह्या तपासत.

हैबतरावांच्या दहाव्याला सगळे मुळेच्या काठी जमले. पिंड ठेवला. समोरच्या उंबरावर एकच कावळा बसला होता आणि पिंडाकडं ढुंकून बघत नव्हता.

"काहीतरी राहिलंय त्याचं," भटजी म्हणाले. तेच भटजी.

कुशाबा पुढं झाला, टोपी काढली. "हैबतराव, बांध तुजा म्हन. सोडला मी." कावळा हलला नाही. कुशाबानं थोडं थांबून टोपी घातली. "मग ऱ्हाऊ दे."

जयसिंग म्हणाला, "आबा, उद्यापास्नं गाडी येळंवर आनतो." कावळा उडून आणखी वरच्या फांदीवर बसला.

"त्याला खोटं कळतंय," कुशाबा म्हणाला.

सोनी कडेवरच्या पोराला घेऊन आली. "आबा, मी सांगायला नगं व्हतं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. कावळ्यानं मान तिरकी केली. बॅटरी नसलेल्या हैबतरावांसारखा तो सगळ्यांकडं एकेक करून बघत होता.

ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायचा का, असं विचारायला लागले. तेव्हा रत्नाबाई बायकांतून उठल्या आणि पिंडाजवळ येऊन उभ्या राहिल्या. वर्गात बोलत तेवढ्याच आवाजात बोलल्या.

"आबा, नकाशाची केस तुम्ही सोडवली. सोनी यायच्या आधी. चोर मीच, असं तुम्ही गुरुवारी दुपारी ओसरीवर म्हणालात. दुसऱ्या कुणी ऐकलं नाही, मी ऐकलं. सिद्धान्त बरोबर होता. आज घरी गेले की पाटीवर त्या ओळीत लिहिते."

कावळा खाली उतरला. एक उडी, दुसरी उडी, आणि त्यानं भात उचलला. लोक हात जोडून मागं सरले, भटजी सामान आवरायला लागले. रत्नाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांचं संपलं नव्हतं.

"आणि ते तुम्ही माझ्यासाठी म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. "तोंड धुवायला गेले, तेव्हा मी रडत होते, आबा. मला तेव्हाच कळलं होतं."