तीस बाय चाळीसची नांगरट

अमृतराव आता शेतकरी राहिले नव्हते. ते प्लॉटवाले झाले होते! निदान इचोड्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात बसून ते सगळ्यांना तसं सांगत होते.

"जमाना बदलून राह्यला, बाप्पा! कापसाच्या मागं कंबर मोडून घेण्यात काय मतलब? आपन मावल्याले प्लॉट घेतला. तीस बाय चाळीस! अद्लाबाद वाढून राह्यलं. दोन वर्सांत भाव तिप्पट! आपन नुसतं खाटेवर बसाचं!"

ही एक्याण्णव-ब्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात ज्याच्या खिशात चार पैसे होते त्याला प्लॉटची स्वप्नं पडत होती, आणि ज्याच्या खिशात नव्हते तो प्लॉट विकत होता. उद्धवराव हा दुसऱ्या जातीतला. सफारी, काळा चष्मा आणि नवी कोरी मोटारसायकल. त्याने मावल्याच्या शिवारात चुन्याने पांढरे केलेले दगड रोवले होते, दगडांवर कोळशाने नंबर टाकले होते आणि एका लांब बांबूला झेंडा लावला होता. झेंडा बघूनच अमृतरावांचा अर्धा विश्वास बसला. उरलेला अर्धा चहाने बसला.

त्याचं असं झालं, की अमृतरावांच्या बायकोने, म्हणजे राहीबाईंनी, त्यांना एक प्रश्न देऊन पाठवलं होतं. पैसे राहीबाईंचे होते ना! वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर विकून विकून त्यांनी मळ्यातल्या विहिरीसाठी ते साठवले होते. विहीर नव्हती म्हणून बिचारी दर उन्हाळ्यात नाल्यातून घागरी वाहायची. पुढच्या उन्हाळ्याआधी विहीर, हे नक्की ठरलं होतं. तेवढ्यात हा प्लॉट आडवा आला.

"अवो, पन थे वावर पयले कोन पिकवे?" राहीबाईंनी विचारलं होतं.

"उद्धवराव!"

"त्यानं कधी नांगर धरला? त्याचे हात तं माह्यापेक्षा मऊ हायेत!"

"तुले काय समजते त्यातलं? वर्साच्या आत एका विहिरीच्या तीन विहिरी करून देतो!"

तरी अमृतरावांनी तो प्रश्न उद्धवरावाला विचारला बरं का! माणूस अगदीच भोळा नव्हता. पण उद्धवरावाची उत्तर द्यायची एक खास पद्धत होती.

"जमीन पयले कोनाची होती?" असं विचारलं, की तो हॉटेलवाल्याला म्हणे, "दोन चहा, कडक!"

"पट्टा कोनाच्या नावावर हाये?" असं विचारलं, की, "अरे, भजे आन रे, गरम!"

"रस्ता कुठून?" या प्रश्नाला जिलेबी आली. जिलेबी खाऊन झाल्यावर आणखी प्रश्न विचारणं अमृतरावांना बरं दिसेना. त्यांनी पैसे दिले आणि एका साध्या कागदावर सही घेतली. रजिस्ट्री पुढच्या महिन्यात होणार होती.

निघताना उद्धवरावाने मोठ्या आपुलकीने सल्ला दिला. "अमृतराव, एकच काळजी घ्या. कब्जा ठेवा! रिकामी जागा दिसली की लोक घुसतात. जागा तुमची हे चार लोकांना दिसलं पाहिजे."

आता शहरातला माणूस कब्जा म्हणजे काय समजेल? तार ओढेल, पाटी लावेल. पण अमृतरावांच्या सात पिढ्यांत कब्ज्याचा अर्थ एकच होता. ज्याचा नांगर त्याचा कब्जा! वावरात तुमचा नांगर चालला, की पंचक्रोशीला कळतं वावर कोणाचं ते. पाटी काय, वाऱ्याने उडते!

चांगलं अवकाळी पाणी पडून माती मऊ झाली, तशी अमृतरावांनी बंडी जुंपली. बंडीत नांगर टाकला आणि नागपूरच्या सडकेने मावल्याकडे निघाले. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. अमृतराव त्यांना हात करून सांगत होते, "प्लॉटवर जाऊन राह्यलो!"

प्लॉटवर पोचल्यावर नांगर लावला आणि पहिल्याच तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्याच ओळीला, घोटाळा झाला. बैल चार पावलं चालले नाहीत तोच प्लॉट संपला! बैल वळवायचे तर त्यांना जागा हवी. ती शेजारच्या प्लॉटात होती. अमृतरावांनी बैल तिकडे नेऊन वळवले, परत आणले, की इकडची हद्द संपली. मग या बाजूच्या प्लॉटात वळवले. एरवी बैल दिवसभर वावर नांगरायचे, आज ते दिवसभर नुसते वळत होते! शेवटी बैलांनीच कंटाळून आपला रस्ता सरळ धरला आणि तीनचार प्लॉट ओलांडून गेले.

'जाऊ दे,' अमृतरावांच्या मनात आलं. 'शेजाऱ्याचं बी नांगरून देऊ. खूश होईल गडी!'

मधे मधे दगड लागत होते. पांढरे. ज्याला वावरात दगड दिसला आणि जो तो तसाच सोडून पुढे गेला, तो कसला शेतकरी? अमृतरावांनी एकेक दगड उपटला आणि नेऊन कडेला रचला. परत लावू की, नंबर आहेत ना त्यांच्यावर! पण ते नंबर कोळशाचे होते. अमृतरावांनी दगड पोटाशी धरून नेले, तेव्हा सगळे नंबर त्यांच्या बंडीला लागले. अंगातल्या बंडीला, बैलाच्या नव्हे! संध्याकाळपर्यंत अर्धी प्लॉटिंग छान काळीभोर नांगरून झाली होती आणि दगडांचा एक सुबक ढीग तयार होता. मुक्कामाला अमृतराव मावल्यातल्या साडूकडे गेले आणि समाधानाने झोपले.

सकाळी परत येऊन बघतात तर प्लॉटवर जत्रा!

एक शाळामास्तर सायकल धरून उभे होते आणि "माझा बावीस नंबर कुठे गेला?" म्हणून ढेकळांना विचारत होते. एक बस कंडक्टर बायकोला हाताने दाखवत होता, "इथं आपलं स्वयंपाकघर होतं! नाही, थांब, तिथं!" एक शिंपी दगडांच्या ढिगातून एकेक दगड उन्हाकडे धरून नंबर वाचायचा प्रयत्न करत होता.

"कोण आहे तो गाढव?" मास्तर ओरडले.

अमृतरावांनी बैलांच्या मागे लपून बघितलं, पण हातात कासरा असलेला माणूस लपून लपणार किती!

"मीच तो," ते म्हणाले. "शेजारधर्म म्हनून तुमचं बी नांगरून टाकलं. पैसे नका देऊ!"

पुढचं काही ऐकण्याआधीच मोटारसायकल फटफटत आली. उद्धवराव! दगडांचा ढीग पाहून त्याने काळा चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "अमृतराव! हे काय केलंत!"

"कब्जा!" अमृतराव म्हणाले. "तुमीच म्हटलं होतं!"

"हे दगड आता अंदाजाने परत लावता येतात का? आता मोजणी..." उद्धवराव बोलता बोलता थबकला. सडकेवर एक जीप थांबली होती. तिच्यातून आधी एक काठी उतरली, मग देवकाबाई उतरल्या, मग त्यांचे दोन पुतणे. पुतणे उतरल्यावर जीप दोन बोटं वर आली.

देवकाबाई बाजारहत्नूरला लेकीकडे राहणाऱ्या. नवरा गेला, गुडघे गेले, म्हणून वावर दोन वर्षं पडीत टाकलेलं. त्या वावरात कोणी दगड रोवले, झेंडा लावला, सफारी घालून लोक फिरवले, तरी मावल्यातल्या कोणाला देवकाबाईंना कळवावंसं वाटलं नव्हतं. असतील सरकारी मोजणीवाले! पण तुमच्या वावरात परक्याचा नांगर फिरला ही बातमी कोण पोटात ठेवील? ती संध्याकाळच्या बसनेच बाजारहत्नूरला पोचली होती.

"कोनाचा नांगर हाये गा माह्या वावरात?"

अमृतरावांनी कासरा खाली टाकला. दुसऱ्याच्या वावरात नांगर घालणं म्हणजे त्यांच्या गावात डोकी फुटायचं काम. ते हात जोडून म्हणाले, "मावशी, माहा प्लॉट हाये हा! पैसे देऊन घेतला!"

"कोनाकून?"

"उद्धवरावाकून."

"त्याचं वावर तं थे सडकेची पट्टी!" देवकाबाईंनी काठीने दाखवलं. "तिथं दोन पानटपऱ्या बी मावत नाईत! हे सारं माहं हाये. पट्टा माह्या नावचा, सरकारी पहानीत नाव माहं. मधातला हद्दीचा धुरा कोनं मोडला बे, उद्धव्या?"

मास्तरांच्या हातून सायकल पडली. कंडक्टरची बायको नवऱ्याकडे नुसती बघत राहिली, आणि ते बघणं चांगलं नव्हतं. अमृतरावांच्या डोळ्यांसमोर मात्र नाल्यातून घागर घेऊन वर चढणारी राहीबाई उभी राहिली. विहीर गेली! सगळी गेली! ते मटकन ढेकळात बसले.

उद्धवराव सावरला. "अहो, गैरसमज झालाय. असं करू, जरा हॉटेलात बसून चहा..."

"चहा नको!" मास्तर, कंडक्टर, शिंपी आणि अमृतराव एकदम ओरडले. सगळ्यांनी तो चहा प्यालेला होता!

"तहसीलात चालतं का पैसे देतं?" देवकाबाईंनी विचारलं.

"पैसे बँकेत आहेत. आणून देतो, आत्ता आलो!" म्हणत उद्धवराव मोटारसायकलकडे सरकला.

देवकाबाईंनी पुतण्यांकडे पाहिलं. मग अमृतरावांना म्हणाल्या, "तुही बंडी आन गा."

पुतण्यांनी ती नवी कोरी मोटारसायकल उचलली आणि अमृतरावांच्या बंडीत, नांगराशेजारी आडवी निजवली. देवकाबाई स्वतः तिच्यावर बसल्या. "जाय आता. पायी जाय. मी बसली हावो इथं."

उद्धवराव पायी गेला. सोबत एक पुतण्या, मास्तर आणि कंडक्टर गेले. दुपार कलायच्या आत सगळ्यांचे पैसे आले! नवी गाडी, वर तहसीलाची भीती आणि त्यानेच आणखी दोन ठिकाणी रोवलेले असेच दगड, एवढं सगळं पणाला लागल्यावर माणसाला बँकेचा रस्ता बरोबर सापडतो.

अमृतरावांनी पैसे छातीशी धरले आणि खरंच रडले. मास्तरांनी तर त्यांना मिठी मारली. "तुम्ही नांगरलं नसतं तर पुढच्या महिन्यात आम्ही पाया खणला असता हो! बुडालो असतो!" सकाळचा गाढव दुपारपर्यंत साक्षात देवमाणूस झाला होता.

पण निघायच्या वेळी देवकाबाईंनी काठी आडवी धरली. "अर्धं नांगरून अर्धं टाकून चालला? असं कोनी करते काय गा?"

अमृतराव इतके हलके झाले होते, की त्यांनी अख्खं शिवार नांगरून दिलं असतं! दुसऱ्या दिवशी ते परत आले. या वेळी राहीबाई भाकरी बांधून सोबत होत्या. पैसे त्यांच्या कमरेला होते, विहीर खोदणाऱ्याला सांगावा गेला होता आणि त्या नवऱ्याला एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. मोकळ्या रानात बैल मजेत चालत होते. अमृतराव गाणं गुणगुणत होते. कित्येक दिवसांत जेवण असं गोड लागलं नव्हतं!

शेवटचा तास संपला. देवकाबाई काठी टेकत धुऱ्यावर आल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी सगळी नांगरट नीट न्याहाळली. अमृतराव शाबासकीची वाट बघत घाम पुसत उभे राहिले.

"बाई," देवकाबाई शेवटी राहीबाईंना म्हणाल्या, "तास पाह्यले काय याचे? सारे वाकडे! आता समजलं मले, हा गडी शेती सोडून प्लॉटच्या मागं काऊन लागला होता थे!"