गेनूभाऊंचे ऑनलाइन पाहुणे

गेनूभाऊंना फोनवर बोलताना एका जागी उभं राहता येत नाही. फोन कानाला लागला की पाय चालू. आमच्या कळंबमध्ये त्यांचा फोन किती लांबला हे घड्याळ न बघता सांगता येतं. दोन मिनिटांचा असला तर ते मारुतीच्या देवळापाशी सापडतात, रंगला तर पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला. एकदा नाशिकच्या कुणा बाईंशी बोलत बोलत ते थेट मंचरात पोचले आणि फोन ठेवल्यावर एका कापडवाल्या शेठजींना विचारू लागले, "राव, आमी हितं कशाला आलो व्हतो?" शेठजींनी त्यांना चहा पाजला आणि जीपमध्ये बसवून परत पाठवलं.

भाऊ तीस वर्षं साखर कारखान्यात चिटबॉय होते. म्हणजे शेतोशेती हिंडायचं, उसाची नोंद घ्यायची, तोडीची चिठ्ठी द्यायची. साठाव्या वर्षी ते 'बॉय' म्हणूनच निवृत्त झाले, पण हिंडणं निवृत्त झालं नाही. सकाळी सातला माझ्या दारात उभे. "बाई, काय काम हाये का?" नाही म्हटलं तरी पुन्हा साडेसातला हजर. मी निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर वर्गात 'जागेवर बसा' म्हणत आले आणि उतारवयात हा विद्यार्थी नशिबी आला.

आमची एक चिमुकली संस्था आहे. सात विश्वस्त. त्यातले पाच सहीपुरते, उरलेले आम्ही दोघं. काम एकच, ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांच्या लेकरांचं. आई-बाप पहाटे फडात उतरतात, आणि तान्हं पोर बांधावरच्या बाभळीला झोळीत टांगलेलं असतं. आमच्याकडे बिबट्याला आता डोंगर लागत नाही, तो उसातच जन्मतो आणि उसातच मोठा होतो. फड तुटत आला की तो बाहेर पडतो, आणि बाहेर झोळी असते. म्हणून आम्हाला पारगावच्या बाजूला, टोळ्यांच्या कोप्यांजवळ, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांजवळ, एक पक्की खोली हवी होती. चार भिंती, वर पत्रा आणि कडी लागेल असं दार. दिवाळीनंतर टोळ्या येणार. त्याआधी खोली उभी राहिली तर राहिली, नाही तर आणखी एक हंगाम पोरं बांधावर.

गावात वर्गणी मागून झाली होती. लोक देतात, पण सप्ता, उत्सव आणि क्रिकेटच्या स्पर्धा यांच्यानंतर आमचा नंबर. मग मला कुठूनसं कळलं की 'छोट्या संस्थांसाठी ऑनलाइन निधी' या विषयावर इंटरनेटवर फुकट शिबिर आहे. मी लॅपटॉप ओट्यावर मांडला. भाऊ अर्थातच अंगणात येरझाऱ्या घालत ऐकत होते. शिबिरातल्या ताई छान बोलत होत्या. गोष्ट सांगा, फोटो लावा, वाढदिवसाला भेटीऐवजी देणगी मागा, दर महिन्याला थोडं थोडं देणारे लोक जोडा. शेवटी त्या म्हणाल्या, "लक्षात ठेवा, देणगीदार म्हणजे आपलं कुटुंब."

भाऊ चालता चालता थबकले. "पावणंच की मग!"

मी मान डोलावली. तिथंच चुकले.

एका वेबसाइटवर आमचं पान सुरू झालं. एक महिन्याची मुदत. पहिल्याच दिवशी नागपूरच्या एका गृहस्थांचे एकशे एक रुपये आले. मला कोण आनंद! मी आभाराचा छोटा मेसेज तयार करते तोवर भाऊ गायब. संध्याकाळी उगवले ते कुरियरची पावती नाचवत. नागपूरला त्यांनी टॉवेल, टोपी आणि नारळ रवाना केला होता.

"अहो भाऊ, एकशे एक रुपये आले आणि तुम्ही दीडशेचं कुरियर केलंत!"

"बाई, आहेर घिऊन मानसाला रिकाम्या हाती धाडायचं व्हय? लोक काय म्हनतील? नागपूरवालं काय म्हनतील?"

नागपूरवाले काहीच म्हणाले नाहीत, कारण नारळ वाटेतच फुटला आणि टॉवेल भिजून आंबला होता. हे त्यांनी फोटो काढून कळवलं. भाऊंना वाईट वाटलं. नारळाचं नव्हे, टोपी खराब झाली याचं. खर्च त्यांनी स्वतःच्या पेन्शनीतून केला होता म्हणून मी आवाज चढवला नाही. फक्त टॉवेल-टोपी बंद, एवढं वदवून घेतलं.

"फोन तर करू का न्हाई?"

"करा," मी म्हणाले. शिबिरातल्या ताईंनीही तेच सांगितलं होतं. ही माझी दुसरी चूक.

भाऊंचा आभाराचा फोन आभारावर कधीच थांबत नसे. "गाव कंचं तुमचं? आडनाव काय? आईचं म्हायार कुठलं? अरं तिच्या, तिकडं आमच्या मावळणीची नणंद दिलीया! राहायला कुठशी? नीट पत्ता सांगा, कधी आलो तर पंचाईत नको." आमच्याकडे याला ओळख काढणं म्हणतात. दहा मिनिटांत नातं नाही निघालं तर भाऊंना त्यात आपलाच कमीपणा वाटतो. एका सोलापूरच्या मुलाशी तर त्यांनी चुलत्याच्या साडूवरून मामा-भाच्याचं नातं जुळवलं. नातं जुळलं की अंगणात नाचणाऱ्या माणसाला मी तरी काय अडवणार? पानावर रक्कम चढत होती. अर्धं अंतर कापलं होतं आणि मुदतीचे बारा दिवस उरले होते.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी पान बंद! 'तक्रारीमुळे तात्पुरतं स्थगित.' बंगळूरच्या एका देणगीदारानं लिहिलं होतं की, एक अनोळखी माणूस फोन करून आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव आणि राहता पत्ता विचारतो आहे. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? बँकांचे चोर नेमकं हेच विचारतात.

माझं डोकं फिरलं. दिवाळी तोंडावर, पायाच्या विटा येऊन पडलेल्या, गवंड्याला शब्द दिलेला. भाऊ दारात आले तसे मी बरसले. "तुमच्या या ओळखी काढण्यानं पोरं पुन्हा बांधावर झोपणार आहेत. आजपासून एकही फोन करायचा नाही. उचलायचाही नाही. समजलं?"

भाऊ मागं फिरले. चप्पल घातली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सातला दार वाजलं नाही. साडेसातलाही नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतःशीच कबूल केलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतंय. वेबसाइटवाल्यांनीही कळवलं होतं की किमान पाच देणगीदारांनी 'ही संस्था खरी आहे' असं लेखी दिलं तर पान उघडू. मला नंबर हवे होते. नंबर भाऊंकडे. दुपारी त्यांच्या घरी गेले.

वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, वारल्यापासून मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. घर स्वच्छ होतं. नको इतकं स्वच्छ. चुलीपाशी एकच ताट, एकच तांब्या. भाऊ भिंतीला टेकून बसले होते आणि समोर जमिनीवर फोन थरथरत होता. ते त्याच्याकडे नुसते बघत होते. थांबला. पुन्हा थरथरू लागला.

"नाशिकच्या आक्का," ते म्हणाले. "काल बी केला व्हता. सोलापूरचं भाचं बी करतंय. तुमी उचलू नका म्हनला, म्हनून उचलला न्हाई."

"आणि तुमचा मुलगा?"

"त्यो कंपनीत. फोन लावला की आपोआप मेसेज येतो, मीटिंगमदी हाये म्हनून. रोजच मीटिंग आसती." ते फोनवरची धूळ बोटानं पुसू लागले. "ही मान्सं उचलत्यात, बाई. येवडंच."

मला माझी लाज वाटली. सहा वर्षं हा माणूस रोज सकाळी 'काम हाये का' विचारत माझ्या दारात येत होता, आणि मला वाटत होतं, त्याला खरंच काम हवंय.

फोन तिसऱ्यांदा वाजला. शाळेत पोरं परवानगी मागतात तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उचलू का?"

"उचला हो, उचला!"

आक्कांचा आवाज मला बसल्या जागी ऐकू आला. "भाऊ! अहो तीन दिवस फोन नाही, जीव नुसता टांगणीला! बरे आहात ना?"  भाऊंनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड धुवायला मोरीत गेले. आक्कांना सगळं मीच सांगितलं.

पाच पत्रं हवी होती, सव्वीस आली. पान उघडलं. रक्कम पुरी भरली नाही, पण मंचरच्या त्या शेठजींनी पत्रे दिले आणि गवंड्यानं मजुरीत सूट दिली. टोळ्यांचे ट्रॅक्टर पारगावात शिरायच्या आदल्या दिवशी खोलीला दार बसलं. भाऊ दहा-दहादा कडी लावून बघत होते, आतून पोराच्या हाताला ती लागत नाही ना म्हणून.

मी सव्वीस पत्रं छापून नेली होती. वेबसाइटच्या नमुन्यात एक रकाना होता, 'संस्थेशी आपलं नातं'. तिथं देणगीदार, स्वयंसेवक, असलं काहीतरी लिहायचं असतं. सोलापूरच्या मुलानं लिहिलं होतं, 'भाचा'. नागपूरच्यांनी लिहिलं होतं, 'पाहुणा'. भाऊंचा चष्मा घरी राहिला होता.

"आक्कांनी काय लिवलंय?"

"बहीण."

त्यांनी कडी सोडली. खोलीत आम्ही दोघंच होतो, ओल्या सिमेंटचा वास येत होता.

"परत वाचा, बाई."

मी परत वाचलं.