प्रवरादर्शनची आठवी सही

"आठ फ्लॅट, आठ सह्या, आठ दिवस," बिभीषणराव कानवड्यांनी जाहीर केलं आणि बिल्डरच्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं. "नाही आणल्या, तर कोर्टात एकतीस वर्षं झक मारली म्हणेन!"

हे वाक्य पुढे त्यांना पुष्कळदा आठवलं, आणि दर वेळी आधीपेक्षा कडू लागलं.

संगमनेरचं 'प्रवरादर्शन अपार्टमेंट' प्रवरेचं आहे ते नावापुरतंच. पूर्वी गच्चीतल्या टाकीवर चढून मान डावीकडे मोडली की नदी दिसायची. मग मध्ये एक मंगल कार्यालय उभं राहिलं, तेव्हापासून नुसत्या पंगती दिसतात. चार मजले, आठ फ्लॅट, लिफ्ट नाही आणि गिलावा भाजलेल्या पापडासारखा सुटलेला. नाशिकच्या एका बिल्डरने ही अख्खी इमारत विकत मागितली. पाडून नवी बांधायची, प्रत्येकाला नवा फ्लॅट द्यायचा. अट एकच, आठही मालकांच्या सह्या. एक जरी कमी पडली, तरी तो दुसरीकडे बघणार होता.

नव्या इमारतीत लिफ्ट होती, आणि बिभीषणरावांचा सगळा जीव त्या लिफ्टमध्ये होता. स्वतःसाठी नव्हे, छबूबाईंसाठी. छबूबाईंचे गुडघे गेले होते आणि घर सर्वांत वर, चौपन्न पायऱ्यांवर. रोज दुपारी जेवण आटोपलं की त्या उतरत आणि दिवेलागणीला चढत. चढताना प्रत्येक पायरीला एका देवाचं नाव घेत. देव तेहतीस कोटी असल्यामुळे पुरत होते, गुडघे पुरत नव्हते. बायको रोज उतरते कशाला, हे बिभीषणरावांनी कधी विचारलं नव्हतं. चढताना तिला किती त्रास होतो, एवढं मात्र ते गावभर सांगत.

चार दिवसांत सात सह्या झाल्या. पहिली अर्थात त्यांची स्वतःची, फ्लॅट नंबर सात, लफ्फेदार. खालच्या मजल्यावरच्या छगनने नव्या इमारतीत ट्रॅक्टर उभा राहील का, एवढंच विचारून अंगठ्याएवढी सही केली.

उरली मुबारकबी. तळमजला, फ्लॅट नंबर एक. नवरा अजीज टेलर गेल्यावर दोन मशिनींवर तिने घर चालवलं. निम्म्या संगमनेरला लग्नात ब्लाउज वेळेवर मिळे तो तिच्यामुळे, आणि उरलेल्या निम्म्याला मिळत नसे तोही तिच्यामुळेच. तिने कागद नीट वाचला, घडी घातली आणि विचारलं,

"भाऊ, नव्या बिल्डिंगीत खाली काय?"

"पार्किंग."

"आणि मी?"

"चौथा मजला. लिफ्ट आहे ना, भाभी."

"फॉल-बीडिंगवाली बाई चौथ्या मजल्यावर येत नाही, भाऊ. लिफ्ट असली तरी नाही. तिला रस्त्यावरून मशीन दिसायला लागते."

इथे दुसऱ्या कोणीही बिल्डरला फोन करून मुबारकबीसाठी खाली एखादा गाळा मागितला असता. पण सुताराचं मन बाभळीवर, तसं कोर्टातल्या कारकुनाचं मन दाव्यावर. बिभीषणरावांना 'नाही' एवढंच ऐकू आलं.

पंकजा नावाची नवी वकील होती. तिला सनद मिळाली त्या वर्षी बिभीषणराव निवृत्त झाले होते, त्यामुळे तिच्याकडे अनुभव नव्हता आणि यांच्याकडे तो उतू जात होता. दावा त्यांनी स्वतः तोंडी सांगितला, तिने टाइप केला. वादी सात, प्रतिवादी एक. एका बाईच्या हट्टापायी सात कुटुंबांचं नुकसान होतंय, तरी तिला सही करायचा हुकूम व्हावा. सगळ्यांची खरेदीखतं एकदा बघावीत, असं पंकजाने हळूच सुचवलं.

"एकतीस वर्षं लोकांचे कागद तपासले मी," बिभीषणराव म्हणाले. "आता माझे कागद तू तपासणार?"

पंकजाने नाही तपासले.

समन्स घेऊन बेलिफ भीमा आला. तो बिभीषणरावांच्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळे नियमाला पक्का. मुबारकबी त्या दिवशी लेकीकडे, अरफाकडे, नेवाशाला गेलेली. दाराला कुलूप. भीमाने नियमाप्रमाणे तीनदा कडी वाजवली, नियमाप्रमाणे समन्स दारावर चिकटवलं आणि नियमाप्रमाणे दोन पंच शोधायला लागला. एक मिळाला इस्त्रीवाला. दुसरा पंच एकेक पायरी उतरत, हातात कुरडयांचं ताट घेऊन येत होता.

"वहिनी, इथं एक सही करा," भीमा म्हणाला. "कागद तुमच्यासमोर लावला म्हणून."

छबूबाईंनी ताट पायरीवर ठेवलं. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग सही केली. या सबंध प्रकरणात त्यांची सही मागणारा पहिला माणूस म्हणजे भीमा बेलिफ.

त्या दिवशी त्या लगेच वर आल्या. एकाही देवाचं नाव घेतलं नाही. बिभीषणरावांना वाटलं, गुडघ्यांना आराम पडला.

पुढच्या तारखेला मुबारकबीच्या वकिलाने कैफियत दिली आणि तिच्यासोबत एक प्रतिज्ञापत्र जोडलं. मजकूर चार ओळींचा. फ्लॅट नंबर सातची खरेदी माझ्या नावावर आहे. विक्रीबद्दल मला कोणी विचारलेलं नाही. माझी संमती नाही. छबूबाई बिभीषण कानवडे.

तेव्हा कुठे बिभीषणरावांना आठवलं. तीस वर्षांपूर्वी फ्लॅट घेताना, पुढेमागे भावांनी वाटा मागू नये म्हणून, त्यांनी मोठ्या हुशारीने तो बायकोच्या नावावर घेतला होता. मग दारावर स्वतःच्या नावाची पितळी पाटी लावली आणि रोज तीच वाचून वाचून, मालक आपणच, अशी स्वतःची खात्री करून घेतली होती.

वादी क्रमांक एकचा इमारतीशी संबंध एवढाच निघाला, की तो तिथे राहतो.

बाहेर व्हरांड्यात छगन वाट बघत होता. "भाऊसाहेब, लई झालं," तो म्हणाला. "आमाला त्या म्हातारीच्या मागं लावलं, अन् तुमच्याच घरची सही न्हाई. नाव तुमचं बिभीषन अन् लंका तुमचीच जळली व्हय?"

घरी आल्यावर बिभीषणरावांनी प्रतिज्ञापत्राची नक्कल टेबलावर ठेवली.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"अगं, हे सगळं तुझ्या गुडघ्यांसाठी चाललं होतं."

"गुडघे माझे आहेत ना? मग मी त्यांच्यावर चढून कुठे जाते आणि उतरून कुठे जाते, ते तरी विचारायचं." छबूबाईंनी नक्कल उचलून त्यांच्या हातात दिली. "तळमजल्यावर माझी एक मैत्रीण राहायची."

राहायची. कारण नेवाशाहून आल्यावर दारावरचा कागद बघून मुबारकबीने दोन्ही मशिनी टेम्पोत घातल्या आणि लेकीच्या गावी निघून गेली. सात घरांच्या सात वादींसमोरून रोज ये-जा करायची तिला लाज वाटत होती. म्हणजे लाज कुणाला वाटायला हवी, यातही घोटाळाच झाला.

बिल्डरने समोरची इमारत घेतली. जाता जाता त्याचा माणूस भेटला, तेव्हा बिभीषणरावांनी सगळी हकीकत सांगितली. तो हसला. "एवढंच होतं होय? रस्त्याकडेचा एक गाळा दिला असता की, काका."

दावा काढून घेतला आणि बिभीषणराव छबूबाईंना घेऊन नेवाशाला गेले. अरफाचं घर बसकं, पुढे ओटा, ओट्यावर दोन मशिनी. मुबारकबीने चहा दिला, बिस्किटं दिली. इतकी वर्षं 'भाऊ' म्हणणारी बाई 'कानवडे साहेब' म्हणत होती. यापेक्षा तिने समन्स पाठवलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं.

"चूक झाली, भाभी," ते म्हणाले. "परत चला."

मुबारकबी कपातल्या चहाकडे बघत होती. "साहेब, वर-खाली राहत होतो आपण. कागद लावायच्या आधी एकदा दार वाजवायचं ना."

बिभीषणरावांना इथे गप्प बसायचं होतं. देवाशपथ बसायचं होतं. पण एकतीस वर्षं तोंडातून निघून गेली.

"वाजवलं होतं, भाभी. तीनदा. भीमाच्या अहवालात तसं नमूद आहे."

अरफा आत निघून गेली. छबूबाईंनी पदर खोचला, समोरच्या ढिगातला एक ब्लाउज मांडीवर घेतला आणि हुक लावायला बसल्या. पाचची एसटी होती. बिभीषणराव उठले, चप्पल घातली, पिशवी घेतली. छबूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"तुम्ही व्हा पुढे," त्या दोरा दाताने तोडत म्हणाल्या. "मी राहते थोडे दिवस. इथे जिना नाही."