तारपा वाजवताना मोजलेला श्वास

माणूस दवाखान्याच्या दारातून आत येऊन बाकड्यावर टेकेपर्यंत त्याला काय झालंय हे मी ओळखते! केसपेपर नको, तपासणी नको, नुसती एक नजर पुरते. असं मी गेल्या दिवाळीपर्यंत छातीठोकपणे सांगत होते. आता कोणी विचारलं तर मी केसपेपर कुठे मिळतो ते सांगते आणि आपल्या कामाला लागते.

मी रविना. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला आमचा पाडा. जवळच्याच एका सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं नर्स आहे. चांगलं चाललेलं असताना माझ्या डोक्यात नर्सिंगचं एमएस्सी करायचं आलं, आणि त्यात एक पेपर निघाला, अ‍ॅडव्हान्स पॅथोफिजिऑलॉजी. म्हणजे आजार शरीरात शिरल्यावर आत नेमका काय घोटाळा करतो त्याचं शास्त्र. रोगप्रतिकारशक्ती, श्वसन, रक्त आणि हृदय असे चार भाग, आणि पुस्तक एवढं जाड की सासूबाईंनी दोनदा त्यावर पाट समजून बूड टेकलं.

अभ्यास माझा, पण सोसलं घरच्यांनी. प्रतिकारशक्तीचा धडा चालू असताना माझ्या नवऱ्याला, नविनला, एक शिंक आली. मी त्याला शिंकेमागच्या पेशी, त्यांच्यातून सुटणारी रसायनं, सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, हे राहू दे, मला रुमाल दे. रक्ताच्या धड्याला मी दिसेल त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघत होते. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचीही ओढली. तेव्हापासून तो सिलिंडर कुडाबाहेर ठेवून जातो.

पण खरी आफत केस स्टडीची होती. पंचवीस मार्क! एक रुग्ण निवडायचा, महिनाभर त्याच्यावर लक्ष ठेवायचं, आजाराने त्याच्या शरीरात काय काय बिघडवलंय ते फाइलमध्ये लिहायचं. आमच्या निर्मला मॅडमनी सांगितलं होतं की फुफ्फुस आणि हृदय दोन्ही गुंतलेलं असेल तर उत्तम. माझ्या बरोबरच्या मुलींना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत एकेक झकास रुग्ण मिळाले. आमच्याकडे बाळंतपण, विंचू आणि ताप! फुफ्फुस आणि हृदय एकत्र बिघडलेला माणूस काही केल्या येईना. एका पहाटे मी चुलीपाशी बसून, एक पेशंट मिळत नाही म्हणत चक्क रडले. लोकांना निरोगी बघून रडणारी मी पहिलीच नर्स असेन.

आणि मग माझी नजर सासऱ्यांवर गेली.

माझे सासरे लाहूबाबा, वय चौसष्ट. अंगाने बारीक, बोलायला कमी. पण तारपा हातात घेतला की अख्खा पाडा त्यांच्या मागे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, सुकवलेला दुधी, त्याला बांबूच्या नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, असं ते वाद्य. वाजवणारा मध्ये, आणि एकमेकांच्या कमरेला हात घालून बाकीचे त्याच्याभोवती फेर धरतात. गंमत म्हणजे सूर मध्ये तुटून चालत नाही. तारपेवाला गालात हवा धरून ठेवतो आणि वाजवता वाजवताच नाकाने श्वास ओढून घेतो, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. गेली अडतीस वर्षं वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरच्या आमच्या सणाला, पाड्यावर तारपा बाबांचाच. शेजारच्या पाड्यावर बारक्या म्हणून त्यांच्याच वयाचा एक तारपेवाला आहे, तो बाबांच्या जागेवर डोळा ठेवून म्हातारा झाला.

लवकर येणारं हळवं भात कापून झालं तसा एका संध्याकाळी नाच लागला. आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं की श्वास मोजायचा तो रुग्णाला कळू न देता, कारण कळलं की माणूस श्वास बदलतो. म्हटलं, याहून चांगली वेळ कुठली? बाबा वाजवण्यात गुंग, त्यांना काही कळणार नाही. मी घड्याळ घेऊन आंब्याखाली उभी राहिले. पहिल्या मिनिटात छाती एकदाही हलली नाही. दुसऱ्या मिनिटात दोनदा. निरोगी माणूस मिनिटाला निदान बारा श्वास घेतो. माझ्या नोंदीप्रमाणे बाबा मेलेले होते आणि चाळीस माणसं त्यांच्याभोवती नाचत होती.

कोणीही शहाणी बाई इथे थांबली असती. मी पुढे बघितलं. मानेच्या शिरा टरटरून फुगलेल्या, म्हणजे उजव्या बाजूच्या हृदयावर ताण. ओठ आवळून हवा सोडतायत, म्हणजे जुनाट श्वसनविकार. चेहरा लालभडक, छाती पिंपासारखी, बोटांची टोकं रुंद झालेली. पुस्तकातलं अख्खं पान माझ्यासमोर उभं राहून तारपा वाजवत होतं! मला एवढा आनंद झाला की मी नविनला मिठी मारली. त्याला वाटलं नाच बघून मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्यांना बसवून सांगितलं की बाबांची फुफ्फुसं निकामी होत चालली आहेत, त्याचा भार हृदयावर येतोय, आणि तारपा आजपासून बंद. सासूबाई, म्हणजे भिकीबाय, देवापुढे दिवा लावायला उठल्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फाइलकडे पाहिलं. "बरा," एवढंच म्हणाले आणि तारपा काढून माळ्यावर ठेवला.

त्यानंतर मी जे केलं ते लिहिताना कान गरम होतायत. बाबांचं मीठ बंद केलं. पाठीशी तीन उशा लावून त्यांना दिवसभर बसवून ठेवलं, शेतावर जाऊ दिलं नाही. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, ते अठ्ठ्याण्णव दाखवायला लागलं. अगदी ठणठणीत माणसाचा आकडा. मी सेल बदलले. पुन्हा अठ्ठ्याण्णव. यंत्रच बिघडलंय असं मी ठरवलं. झोपेत श्वास मोजला तर मिनिटाला सोळा भरले. तेही मी फाइलमध्ये बसवलं, शरीर तात्पुरती भरपाई करतंय असं लिहून! पुस्तकात सगळ्याला उत्तर असतं, फक्त माणूस आजारी हवा. आणि मला तो हवा होता. आठवलं की आजही लाज वाटते, पण खरं ते खरं.

बातमी तलासरीच्या बाजारात पोचली ती वाटेत वाढत गेली. लाहूची सून नर्स, तिने सांगितलं म्हणजे खरंच असणार, लाहू आता थोड्या दिवसांचा! माणसं भेटायला यायला लागली. कोणी नारळ आणला, कोणी ग्लुकोजची बिस्किटं, कोणी कोंबडी. विवळवेढ्याची आतेसासू महालक्ष्मीला नवस बोलून आली. येणारा प्रत्येक जण बाबांसमोर बसून डोळे पुसायचा, बाबा त्याचं सांत्वन करायचे आणि कोंबडीचं कालवण बिनमिठाचं खायचे. शेवटी बारक्यासुद्धा आला. उशांवर टेकलेल्या बाबांना बघून त्याला भरून आलं, आणि सगळ्यांसमोर त्याने कबूल केलं की वीस वर्षांपूर्वी ऐन वाघबारशीच्या आदल्या दिवशी बाबांच्या तारप्याचा दुधी चाकूने त्यानेच चिरला होता. बाबांनी त्याला माफ केलं. यंदाची वाघबारस तूच वाजव, असंही म्हणाले. तेव्हा आवाज थोडा बारीक झाला होता, आणि मी त्याची नोंद "बोलताना धाप" अशी केली.

फाइलला ईसीजी आणि एक्स-रे जोडायचे राहिले होते. वाघबारशीच्या दिवशी सकाळी मी बाबांना घेऊन डहाणूला एका डॉक्टरांकडे गेले. बाबा आत ईसीजी आणि एक्स-रे काढायला गेले आणि मी डॉक्टरांसमोर फाइल उघडून पंधरा मिनिटं निदान वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग ईसीजी पाहिला, एक्स-रे आला तो पाहिला, बाबांच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि त्यांना बाहेर बसवलं.

"सिस्टर, ही फुफ्फुसं माझ्यापेक्षा चांगली आहेत," ते म्हणाले. "हृदयही उत्तम. हा मिनिटाला दोनचा रेट तुम्ही कधी मोजलात?"

मी खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हसले असते तर बरं वाटलं असतं. अगदी शांतपणे त्यांनी मला नाक दाबून, तोंड मिटून जोर लावायला सांगितलं आणि भिंतीवरच्या आरशात बघायला लावलं. माझ्या मानेच्या शिरा बोटाएवढ्या फुगल्या होत्या. अकरा वर्षं नर्स! बोटांचं विचारायला माझी जीभ उचलत नव्हती, तर त्यांनीच सांगितलं की आजाराने बोटं अशी होत नाहीत, ही नळ्यांवर दाबून दाबून झालेली आहेत.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. सांगायचं म्हणून मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. तलासरी जवळ यायला लागली तशी माझ्या मनात एक हलकट विचार आला. चूक झाली म्हणून कशाला सांगायचं? बरे झाले म्हणून सांगावं! पथ्याने गुण आला, बस्स. खोटं तरी कुठे होतं, बाबा बरेच होते.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. माणसं जमलेली, बारक्या नवा सदरा घालून तारपा पुसत बसलेला. मी मोठ्या आवाजात जाहीर करून टाकलं की बाबांचे रिपोर्ट चांगले आले, पथ्य लागू पडलं, तारपा वाजवायला हरकत नाही. जो गलका झाला! सासूबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून हात उतरवून बोटं मोडली. आमच्या सुनेने मरणातून परत आणला, नुसता मीठ तोडून, असं त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या. मी मान खाली घालून उभी. लोकांना वाटलं, केवढी नम्र पोर आहे.

तेवढ्यात पलीकडच्या घरातले चैत्याकाका काठी टेकत पुढे आले. त्यांना खरोखरचा हृदयाचा आजार, तीन वर्षं रोज गोळ्या चालू. गोळ्यांची पिशवी त्यांनी माझ्यासमोर धरली. "मग ह्या कशाला खाव्या? ह्या टाकून देतो. तू मलापण फक्त मीठ बंद कर."

चैत्याकाका बोलतात ते करतात. पिशवी खरंच ओढ्यात गेली असती आणि पंधरा दिवसांत माणूस गेला असता.

मग मी बोलले. सगळ्यांसमोर, एका दमात. बाबांना काही झालंच नव्हतं, मी त्यांचा श्वास तारपा वाजवताना मोजला, यंत्र खरं सांगत होतं ते मी ऐकलं नाही, मला फाइलसाठी पेशंट पाहिजे होता म्हणून मी घरातच केला, आणि काका, तुमची एकही गोळी चुकवायची नाही.

मग सासूबाई उठल्या, आत गेल्या आणि मिठाचा डबा आणून बाबांच्या समोर ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही. नविन हळूच मोजत होता की आलेल्यांपैकी किती कोंबड्या आपण खाल्ल्या. आणि बारक्या तारपा खाली ठेवून भांडायच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे हा मरणार नव्हता? मग मी कशाला कबूल केला?"

त्यावर मात्र सगळे हसले. बारक्याही शेवटी हसला आणि बाबांना म्हणाला की तुझी जागा तू घे. नविनने माळ्यावरून बाबांचा तारपा काढून आणला. बाबांनी त्यावरची धूळ पंच्याने पुसली, नळ्यांवर बोटं फिरवून पाहिली. मी त्यांच्या पायांशी वाकले. म्हटलं, बाबा, महिनाभर तुम्हाला फुकट घाबरवलं, माफ करा.

"घाबरलो कुठं?" ते म्हणाले. "माझा श्वास मला ठावा नाय का?"

मला कळेना. मग एवढे दिवस उशांवर का बसून राहिलात, मीठ का सोडलं, बारक्याला वाघबारस का देऊन टाकली, असं मी विचारत गेले. बाबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलले.

"तू त्या दिवशी पहाटे चुलीपाशी रडलीस ना, पेशंट मिळत नाय म्हणून. मी जागा होतो." त्यांनी तारपा उचलला. "फाइल पुरी झाली का तुझी? नाय तर नाच झाला की परत पडतो आजारी."

आणि गालात हवा भरून त्यांनी सूर धरला. फेर सुरू झाला, बायांनी मलाही ओढून कमरेला हात घातले. रात्र पडेपर्यंत मी नाचले, पण मध्ये उभ्या असलेल्या त्या माणसाकडे मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही.