पश्चिमेचं दार

कांबळे सरांच्या पुस्तकात लाओत्सेला मी मारलं. चूक सर्वस्वी माझी.

सर आमच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक. या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचं चरित्र शोधण्यात त्यांनी वीस वर्षं घातली. असा माणूस खरंच होऊन गेला का, याचीच खात्री नाही; सर मात्र त्याच्याविषयी मामेभावासारखं बोलत. "जल्मला तवाच केस पांढरे. आईला काय वाटलं असंल, सांगा की." शेवट ते हलक्या आवाजात सांगत. म्हातारा म्हशीवर बसून पश्चिमेच्या खिंडीकडं निघाला. नाकेदारानं अडवलं, चार शब्द लिहून घेतले आणि सोडलं. पुढं तो कुणाला दिसला नाही. "गेला म्हंजे मेला न्हवं," हे सरांचं पालुपद.

सहा वर्षांपूर्वी सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गगनबावड्याच्या एसटीत बसल्या. घाटाच्या नाक्याजवळ उतरून धुक्यात शिरताना कुणी तरी त्यांना पाहिलं. पुढं काही नाही. तेव्हापासून सर घराचं पश्चिमेचं दार लावत नाहीत. पावसाची झड आत आली की पुस्तकं हलवतात, दार नाही. रोज तिन्हीसांजेला गवळ्याची म्हैस त्या दाराशी आपोआप थांबे आणि आतल्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राही. गवळी शेपूट पिरगाळून दमे.

"कुणाला बघती वो ही?"

"तुला न्हाय, एवढं खरं," सर म्हणत.

माझं डीटीपीचं दुकान. स्मरणिका आणि श्रद्धांजलीची कार्डं करून हात असा बसलेला, की चरित्राच्या शेवटी 'मृत्यू' हा मथळा आलाच. सरांच्या शेवटच्या प्रकरणाला मथळाच नव्हता. विसरले असतील म्हणून मी तो घातला, न विचारता. दोनशे प्रती छापून आल्या.

सर रागावले नाहीत. त्या संध्याकाळी म्हैस न थांबता पुढं गेली. दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर सर एकेका प्रतीतल्या मथळ्यावर पांढरी पट्टी चिकटवत होते. मी खुर्ची ओढली.

"ती नगं. तिची हाय." मग खाली बघतच म्हणाले, "त्या म्हाताऱ्याला नाकेदारानं इचारलं तरी. हिला कुणी कायबी इचारलं न्हाय."

मी जमिनीवर बसून पट्ट्या कापायला घेतल्या. "सर, चुकलो," म्हणालो. त्यांनी डिंकाची बाटली माझ्यापुढं सरकवली.

बाहेर म्हशीची घंटा दाराशी येऊन थांबली. मी वळून बघितलं नाही. खुर्चीकडं तोंड करून म्हणालो, "काकू, माफ करा."