भिंगरीची बस तपासणीत आहे

लहान मुलाशी खेळणं ही अत्यंत गंभीर बाब आहे. इतकी गंभीर, की ती मुलांवर सोडून चालत नाही. मुलांचं काय, ती कशाशीही खेळतात. चप्पल दिसली चप्पल, चमचा दिसला चमचा. ना नियोजन, ना उद्दिष्ट, ना वेळापत्रक. म्हणून तर सुजाण आईबापांनी हल्ली हे काम आपल्या हातात घेतलंय, आणि त्याचे परिणाम डोळ्यांत भरण्यासारखे आहेत (विशेषतः चमकी. ती डोळ्यांत गेली की दोन दिवस निघत नाही).

तर ऐका. एक लिफ्ट तपासनीस होता. म्हणजे अजून आहे, चांगला ठणठणीत आहे. कुठल्याही इमारतीत नवी लिफ्ट बसली की हा जातो, दोर बघतो, दारं बघतो, क्षमतेच्या सव्वापट वजन भरून लिफ्ट वरखाली फिरवतो, आणि सगळं मनासारखं झालं तरच सही करतो. त्याची सही होईपर्यंत त्या लिफ्टमध्ये माणूस सोडाच, मांजरसुद्धा पाऊल ठेवू शकत नाही. अकरा वर्षांत त्याच्या सहीची एकही लिफ्ट अडकलेली नाही (एकूण लिफ्ट तीनशे बारा. हा आकडा तो कुणी न विचारता सांगतो).

त्याची बायको नर्स. आणि त्यांची सव्वादोन वर्षांची मुलगी. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण तिचं पूर्ण नाव घेऊन होईपर्यंत ती तिथे नसते.

आता अडचण काय झाली, तर बायकोला ऑपरेशन थिएटरची प्रमुख करायचं ठरलं. सात वर्षं तिला ही जागा हवी होती. अट एकच: दर शनिवारी सकाळी आठ ते पाच ड्युटी. शनिवारी पाळणाघर बंद. म्हणजे नऊ तास भिंगरी बापाकडे. आणि भिंगरी बापाकडे किती वेळ टिकते? तपासनीसाने घड्याळ लावून मोजलं होतं: चार मिनिटं वीस सेकंद. मग खालचा ओठ बाहेर, मग "आई", मग भोंगा. तूट: आठ तास पंचावन्न मिनिटं चाळीस सेकंद.

बायको सहा दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी निघाली. शनिवारी पाचला परत येणार, आणि सहाच्या आत मेट्रनबाईंना हो की नाही ते कळवायचं.

"नाही जमलं तर नाही म्हणेन. त्यात काय एवढं," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिने बॅगेची चेन तीनदा उघडून तीनदा लावली.

"तू निर्धास्त जा," तपासनीस म्हणाला. "सहा दिवसांत हे पोर मी नऊ तासांवर आणून दाखवतो."

त्याने सहा दिवसांची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'अपत्यासोबत खेळणे'. साहेबांनी ते दोनदा वाचलं, 'खेळणे' खोडून वर 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलं आणि रजा मंजूर केली. कुणाच्या प्रकृतीचं अस्वास्थ्य, ते मोकळंच ठेवलं.

मग तो फोनवरच्या एका गटात शिरला. 'घरच्या घरी गंमत', सदस्य चारशे बारा, सगळे पालक. काय गट आहे राव! रोज फोटो. रंगवलेल्या तांदळाचं इंद्रधनुष्य, पुठ्ठ्याचा जिराफ, कागदी ताटलीचा सिंह, आणि प्रत्येक फोटोत एक इवलासा हात. तपासनीसाने अभ्यास केला. शंभर फोटोंपैकी एक्क्याण्णव फोटोंत फक्त हातच होता. उरलेलं मूल कुठे आहे, हा प्रश्न गटात आजवर कुणी विचारलेला नाही, आणि चांगल्या गटात विचारूही नये.

त्यातून त्याने यादी केली. रिकाम्या बाटलीत वाटाणे घालून खुळखुळा. मोज्याची बाहुली. मैदा मळून केलेला रंगीत गोळा. जमिनीवर चिकटपट्टीचा रस्ता. आणि शेवटचा, मानाचा पदार्थ म्हणजे फ्रिजच्या खोक्याची बस. सगळं घरगुती, सगळं सोपं. गटात प्रत्येक खेळाखाली लिहिलेलं असतं, 'फक्त दहा मिनिटांत तयार!' (कुणाची दहा मिनिटं, ते लिहिलेलं नसतं).

सोमवारी खुळखुळा झाला. भिंगरी हात पसरून उभीच होती.

"मला!"

"थांब. आधी तपासणी."

तिला हे पटलं नाही, पण ज्याच्या हातून तीनशे बारा लिफ्ट सुखरूप गेल्या, तो विनातपासणी खुळखुळा पोराच्या हातात देणार आहे का? छे. एक मीटर उंचीवरून वीस वेळा आपटायचा, असं त्याने ठरवलं. सोळा वेळा बाटली टिकली. सतराव्याला झाकण उडालं आणि पाव किलो वाटाणे घरभर. भिंगरी आनंदाने किंचाळली. हा आनंद अधिकृत नव्हता म्हणून मोजला गेला नाही. तेवढ्यात तिने एक वाटाणा उचलला आणि नाकाशी नेला, आणि बापाच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच क्षणी त्याला मूळ दोष सापडला. लहान मुलासाठी खेळ तयार करताना सर्वात मोठा अडथळा म्हणजे ते लहान मूल.

समोरच्या दारात शिवणमावशी राहतात. दिवसभर मशीनवर ब्लाउज, उशांचे अभ्रे, पडदे. त्यांच्याकडे त्याने भिंगरीला नेलं.

"मावशी, तासभर ठेवता का? मी तिच्याशी खेळायची तयारी करतोय."

मावशींनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तयारी? अरे, पोराशी खेळायचंय का लग्न लावायचंय?"

"काम चालू असताना आत कुणी नको, म्हणून."

"बरं बाबा. ठेव. ये गं माझी चिमणी."

घरी येऊन त्याने दाराला पाटी लावली: काम चालू आहे, प्रवेश बंद. ही पाटी त्याच्या बॅगेत कायम असते.

मंगळवारी गोळा आणि मोजा. गोळा मुलाने खाल्ला तर काय होतं हे बघायला हवं, म्हणून त्याने स्वतः खाल्ला. मूल खाईल त्याच्या सव्वापट खाल्ला. निष्कर्ष असा, की काही होत नाही, फक्त दुपारी दोन ते सहा कोचावर डावी कूस करून पडून राहावं लागतं. मोज्याच्या बाहुलीला बटणांचे डोळे लावून ते पकडीने ओढले. आले हातात. पुन्हा शिवले, पुन्हा ओढले. पाच मोजे कामी आले, पाचही वेगवेगळ्या जोड्यांतले.

संध्याकाळी बायकोचा फोन.

"काय खेळलात आज?"

"आज डोळ्यांची ताणचाचणी झाली."

"कुणाच्या?" ती ओरडलीच.

"बाहुलीच्या गं."

"आणि भिंगरी काय करत होती?"

"ती प्रतीक्षायादीत आहे."

 मग ती म्हणाली, "अरे, आज थिएटरचं नवं टेबल दाखवलं आम्हाला. एका बोटाने वर होतं. मी तीनदा करून बघितलं." आणि घाईघाईने फोन ठेवला. तपासनीस तडक उठला आणि बसच्या कामाला लागला.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार बस. काय बस झाली म्हणून सांगू! दोन दारं, चार खिडक्या, फिरणारं सुकाणू, बाहेर 'क्षमता: एक व्यक्ती'. भिंगरी अकरा किलोची, म्हणजे सव्वापट पावणेचौदा किलो. मैदा पाच, तांदूळ पाच, पावणेचार किलो जुनी मासिकं. बस हलली नाही. त्याची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तणावात आलं. फक्त एक झालं: डिंक पूर्ण वाळायला चोवीस तास लागतात, म्हणून उद्घाटन शनिवारवर गेलं.

रोज संध्याकाळी तो मुलीला आणायला जाई तेव्हा मावशींचं मशीन चालू असे आणि भिंगरी खाली बसून रिकामी रिळं एका पत्र्याच्या डब्यात टाकत असे. टाकायची, ओतायची, टाकायची. शेजारी चिंध्यांचा ढीग, त्यात एक बाहुली झोपवलेली. बाहुली म्हणजे गाठ मारलेली चिंधी. सुरुवातीला त्याला गलबलून आलं. अरेरे, माझ्या पोरीला चिंधीशी खेळावं लागतंय!

"मावशी, या डब्याची कड कधी कुणी तपासलीय?"

"अरे लेका, माझी तीन पोरं याच डब्यावर वाढली. एक तर वकील झालाय."

त्याने वहीत नोंद केली: 'डबा. गंभीर परिणाम, एक.'

शुक्रवारी त्याने बसचा फोटो गटात टाकला. दोनशे सहा बदाम आले. कुणीतरी विचारलं, 'वॉव! बाळ किती वेळ खेळलं?' त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, 'अजून खेळायला दिलेलं नाही.' त्यावर सव्वातीन तास गटात कुणीच काही बोललं नाही. मग एका आईने हळूच लिहिलं, 'आमचाही जिराफ कपाटावरच आहे.' मग धडाधड. सिंह माळ्यावर. तांदूळ बरणीत. आगबोट गादीखाली. एकूण त्र्याहत्तर पालकांनी कबुली दिली, आणि सकाळपर्यंत सगळ्यांनी ती पुसून टाकली.

शनिवार उजाडला. आठच्या ठोक्याला त्याने पाटी काढली आणि भिंगरीला आत घेतलं. समोर सगळं ओळीने मांडलेलं, प्रत्येकावर सही, तारीख. तिने खुळखुळा एकदा हलवला. मोज्याच्या बाहुलीला बघून ती बापाच्या मागे लपली (तीन वेळा शिवलेले डोळे जरा रोखूनच बघत होते). बसमध्ये बसली, तीन सेकंद, आणि उतरली. मग दाराकडे बोट.

"मावची."

"मावशी गावाला गेल्या गं आज. रिळं पण कुलपात."

ओठ बाहेर आला. त्याने घड्याळ बघितलं. चार मिनिटं दहा सेकंद. पाच दिवसांच्या अथक परिश्रमांनंतर दहा सेकंदांची घट.

मग भोंगा. त्याने रस्ता दाखवला, सुकाणू फिरवलं, स्वतः बसमध्ये शिरला. बसची क्षमता एक व्यक्ती होती, पण ही व्यक्ती अठ्ठ्याहत्तर किलोची होती. बस बसली. म्हणजे खाली बसली. पुठ्ठा चरचरत चारी बाजूंनी उलगडला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या सहीचं काहीतरी कोसळलं.

तो तिथेच त्या पुठ्ठ्यावर उताणा पडून राहिला. डोळ्यांसमोर काय, तर बॅगेची ती चेन. उघड, लाव. उघड, लाव. आता ती येणार, याच्याकडे बघणार, आणि काहीही न विचारता मेट्रनबाईंना नाही म्हणून कळवणार. आणि वर म्हणणार, त्यात काय एवढं. त्याला खरंच रडू आलं. कानाकडे ओघळ यायला लागले.

भोंगा थांबला.

भिंगरी वाकून बघत होती. बाप खाली, आपण वर, हा प्रकार तिच्यासाठी नवा होता. तिने एक बोट त्याच्या कानातल्या पाण्यात घातलं. मग नाकात. मग ती त्याच्या पोटावर चढली, उभी राहिली आणि बसली. धप्प. त्याच्या तोंडून "आंक" असा आवाज आला.

"अजून," भिंगरी म्हणाली.

धप्प. "आंक."

"अजून!"

म्हणजे बघा, त्या घरात त्या दिवशी विनातपासणी एकच वस्तू शिल्लक होती, आणि पोरीने नेमकी तीच उचलली. कडा तपासलेल्या नाहीत, ताणचाचणी नाही, सही नाही. तिने त्याच्या पोटावरून रस्ता नेला, सगळी चिकटपट्टी संपवून. त्याच्या डोक्यावर मैद्याचा गोळा थापला. शर्टाच्या खिशात वाटाणे भरले, ओतले, भरले, आणि तो डोळे फाडून एकेक वाटाणा मोजत राहिला. दुपारी ती त्याच्या छातीवर झोपली आणि तो दोन तास श्वास जपून घेत राहिला. उठली, परत धप्प. घड्याळ कधी बंद पडलं त्याला कळलंही नाही (बंद पडलं नव्हतं, गोळ्याखाली होतं).

पाच वाजता बायको आली. दारातच थांबली.

"अरे देवा. हे काय?"

"आई, बाबा!" भिंगरीने वरूनच माहिती दिली, जणू आईला नवी वस्तू दाखवावी.

"ये ना इकडे माझ्याकडे!"

"नको," भिंगरी म्हणाली, आणि धप्प.

 बायकोने बॅग न ठेवताच फोन काढला. "हॅलो, मेट्रनबाई? हो. हो म्हणतेय मी. हो, नक्की." आणि मग फोन चालू असतानाच खदखदून हसायला लागली, कारण नवऱ्याला आता उठता येत नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण लोकहित नावाची गोष्ट असते. रविवारी तपासनीसाने गटात सविस्तर टिपण टाकलं: 'उताणा बाप, सात सोप्या पायऱ्या, फक्त दहा मिनिटांत तयार!' काय गाजलं म्हणता! चारशे सात बदाम. आता त्या गटात रोज फोटो येतात. मापाची चटई, पोटाला गादीची पट्टी, कानाला रबरी बूच, प्रकाश खिडकीतून डावीकडून, मधोमध उताणा बाप आणि त्याच्या पोटावर एक इवलासा हात. मांडणी नीट जमेपर्यंत मुलं शेजाऱ्यांकडे असतात.

तुम्ही हसताय. हसा. अशा बापांवर हसायलाच हवं, आपण त्यातले नव्हेच. पण घरात लहान मूल असेल तर एक सांगतो, घाबरू नका. हे वाचायला घेतल्याला दहाएक मिनिटं झाली असतील, आणि एवढ्या वेळात आतल्या खोलीतून काहीएक आवाज आलेला नाही. उठा. पळत जा.